मुलाला घेऊन परळला येताय? राहण्याची सोय अशी लावा

मुलाला कॅन्सर असेल अशी शंका येऊन गावाकडच्या डॉक्टरांनी ‘टाटाला घेऊन जा’, म्हणजे मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात न्या, म्हटलं की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि त्यामागोमाग राहायचं कुठे हा. पाहुण्यांचा दोन दिवस पाहुणचार घेऊन भागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पण लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, म्हणजे एएलएल. त्याचा पूर्ण उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो आणि त्यातले पहिले सहा-आठ महिने दवाखान्याच्या जवळच राहावं लागतं. पुढे गावी राहून ठरलेल्या तारखांना येऊन जाता येतं. म्हणजे सोय लावायची ती या सहा-आठ महिन्यांची.

परळला टाटा (१९४१ पासून), मुलांचं वाडिया आणि केईएम ही तिन्ही रुग्णालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे परळ-दादर भागात धर्मशाळा आणि सेवाभावी निवासही बरेच आहेत. इथे जे सांगतोय ते मुख्यतः टाटाला येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, पण वाडियाला किंवा केईएमला येणाऱ्यांनाही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी चिठ्ठी, मग खोली

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. आई मुलाला घेऊन रांगेत आणि बाबा दिवसभर एका धर्मशाळेतून दुसऱ्या धर्मशाळेत. संध्याकाळी हातात काहीच नसतं, कारण प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकलेलं असतं: ‘दवाखान्याची चिठ्ठी आणा.’ चांगल्या निवासांत थेट दारावर जाऊन जागा मिळत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून शिफारस पत्र मिळतं आणि ते दाखवल्यावरच नाव नोंदवून घेतात. मुलांच्या ओपीडीत समाजसेवक बसतात. नोंदणी होऊन केस फाइल हातात आली की तपासण्यांच्या रांगेत लागण्याआधी त्यांना गाठा आणि पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा: कुठल्या तालुक्यातून आलो, सोबत कोण आहे, मुंबईत कोणी आहे का, आज रात्री झोपायची सोय आहे का. शेवटचा प्रश्न ते विचारतीलच असं नाही, त्यामुळे तुम्हीच सांगा. संकोचाने ‘बघू काहीतरी’ म्हणणारं कुटुंब त्या रात्री फुटपाथवर झोपतं, आणि टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर अशी कुटुंबं कायम दिसतात.

पत्रावर मुलाचं नाव, केस नंबर, सोबत राहणाऱ्यांची नावं आणि तारीख असते. जागेवरच वाचून घ्या. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि पत्रावर ‘माऊली’ असं झालं की निवासाच्या कार्यालयातून परत पाठवतात. तारखेकडेही लक्ष द्या. पत्र जुनं झालं तर नवं आणायला सांगतात.

एक इशारा. गेटबाहेर ‘खोली मिळवून देतो, पाचशे द्या’ म्हणणारी माणसं भेटतात. शिफारस पत्राला पैसे लागत नाहीत. निवासात जी काही रक्कम भरायची असेल ती कार्यालयातच भरायची आणि पावती घ्यायची.

निघण्यापूर्वी गावातच उरकायची कामं

मुंबईत आल्यावर एखादा कागद नाही म्हणून परत जाणं फार महागात पडतं, म्हणून ही तयारी घरीच करा. मुलाचं आधार कार्ड किंवा जन्म दाखला, आई-वडील दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, तिघांचे प्रत्येकी आठ-दहा फोटो. रेशन कार्ड आणि आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेलाही लागतात. रेशन कार्डावर मुलाचं नाव चढवलेलं नसेल तर तेच काम आधी करा. लहान मुलांच्या बाबतीत हे हमखास राहून गेलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून निघतो, पण त्याला दिवस लागतात. त्याची वाट बघत मुलाचा उपचार थांबवू नका. अर्ज टाका, पोचपावती बरोबर घ्या आणि गावातल्या भावाला किंवा सरपंचांना दाखला हातात आला की फोटो पाठवायला सांगा.

दवाखान्याच्या कागदांत एक गोष्ट बहुतेकांची सुटते: बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. टाटात त्यांची पुन्हा तपासणी होते, आणि ते नसले तर मुलाला परत सुई टोचावी लागू शकते, दिवसही वाढतात. स्लाइड रुमालात गुंडाळून कडक डब्यात ठेवा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या टपावर किंवा बॉनेटजवळ ठेवू नका, मेण आहे ते.

सगळ्याच्या दहा-दहा झेरॉक्स गावातच काढा. मूळ कागद चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये येत असाल तर दोन पिशव्या, एकात एक.

दिवस ठरवताना शुक्रवार टाळा. शुक्रवारी संध्याकाळी पोचलेल्या कुटुंबाला ओपीडी बंद आणि समाजसेवा विभाग बंद मिळतो, आणि तीन रात्री विनाकारण काढाव्या लागतात. विदर्भ, मराठवाड्याकडून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या सकाळी दादरला पोचतात. रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी दादरला उतरणं सगळ्यात सोयीचं. सीएसएमटीपर्यंत जाऊन मागे फिरू नका, परळ दादरला लागूनच आहे.

मधला आठवडा

पहिल्या दिवशी पत्र मिळालं तरी खोली त्याच दिवशी मिळेल असं नाही. काही निवास निदान पक्कं झाल्यावर आणि उपचाराची आखणी झाल्यावरच मुलाला घेतात. बोन मॅरोचा (हाडातल्या मगजाचा) रिपोर्ट, स्कॅन, हे सगळं व्हायला आठवडा सहज जातो. मग वेटिंग असतं. हा मधला आठवडा कुठे काढायचा याचा विचार घरून करून या, कारण नवख्या माणसाची खरी परवड याच दिवसांत होते.

पर्याय दोन. एक म्हणजे कमी दिवसांसाठी जागा देणाऱ्या धर्मशाळा. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंसाठी. दादर पूर्वेला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत मात्र वारी असते ती दवाखान्याची, परगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. टाटा रुग्णालयाचं स्वतःचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस निवासस्थान वांद्र्याला आहे. या ठिकाणी रोजचं नाममात्र भाडं आणि थोडी अनामत असा मामला असतो. दर आणि मुक्कामाची मुदत बदलत राहते, ती समाजसेवकांकडूनच विचारून घ्या.

दुसरा पर्याय पाहुणे. डोंबिवलीचा मामा आग्रह करतोच, आणि निदानाआधीच्या आठवड्यात तिथे राहायला हरकत नाही. केमो सुरू झाल्यावर मात्र नको. सकाळच्या लोकलमधला तास-सव्वा तास, घरातली सर्दी झालेली भाचरं आणि रात्री ताप आला तर परळ किती लांब, याचा हिशोब करा. मामाला वाईट वाटेल, वाटू दे. लोकलने जायचंच झालं तर दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला प्रवास करता येतो. फाइल हातात असू द्या.

लांब मुक्कामाची केंद्रं

फक्त कॅन्सर झालेल्या मुलांसाठी चालणाऱ्या केंद्रांत सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं काम सगळ्यात मोठं. २००६ साली मुंबईत त्यांचं पहिलं केंद्र सुरू झालं. आता परळ भागात, कॉटन ग्रीनला आणि खारघरला त्यांची केंद्रं आहेत, आणि दिल्ली, कोलकाता, हैदराबाद अशा इतर शहरांतही. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी, कोरडा शिधा, दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी, मुलांचे शिक्षक आणि समुपदेशक असतात आणि हे सगळं मोफत. अॅक्सेस लाइफ ही संस्थाही मुंबईत याच धर्तीवर काम करते. अशा ठिकाणी मूल आणि आई-वडील राहतात. आजी, काका, धाकटी बहीण यांची सोय धरून चालू नका. धाकटं अंगावर पिणारं असेल तर पत्र घेतानाच तसं सांगा, आयत्या वेळी दारात सांगू नका. प्रवेश मुलाचं वय, घरची परिस्थिती आणि उपचाराचा टप्पा बघून देतात, वशिल्याने काही पुढे सरकत नाही. आमदारांच्या पत्रापेक्षा डॉक्टरांनी लिहिलेली उपचाराची आखणी जास्त उपयोगी पडते.

खोली स्वीकारण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: केमो परळला होणार की खारघरला? टाटाचंच अॅक्ट्रेक केंद्र खारघरला आहे आणि मुलांवर तिथेही उपचार होतात. दोन्हींत तीसएक किलोमीटरचं अंतर आहे. परळला खोली आणि खारघरला केमो असं झालं तर रोज पहाटे निघावं लागतं. कॉटन ग्रीनच्या बाबतीतही एक फसगत होते. नकाशावर ते परळला चिकटून दिसतं, पण कॉटन ग्रीन हार्बर लाइनवर आणि परळ मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, त्यामुळे थेट लोकल नाही. केंद्राच्या गाडीची वेळ पाठ करा आणि ती चुकली तर कुठल्या बसने जायचं हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

कार्यालयात आणखी तीन गोष्टी विचारून घ्या, कारण वाद यांवरूनच होतात. मूल वॉर्डात भरती झालं तर खोली राहते की सोडावी लागते? दोन केमोंच्या मधे गावी गेलो तर किती दिवस जागा धरून ठेवतात? आणि बाबा कामासाठी परत गेले तर त्यांच्या जागी आत्या राहिली तर चालेल का? उत्तर प्रत्येक निवासाचं वेगळं असतं. न विचारता माणूस बदलला की रात्री दारावरच अडवतात.

खोलीतलं वागणं

नियम कडक वाटतील. चपला बाहेर, आल्या आल्या हात धुणं, पाहुणे आत नाहीत, खोलीत उदबत्ती-धूप-निरांजन नाही, फुलांचा हार नाही, हीटर-कॉइल नाही. शेवटचा नियम वायरिंगवर भार येऊन आग लागू नये म्हणून. बाकीचे बहुतेक एकाच कारणासाठी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात मुलाच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. ‘काउंट पडला’ हा शब्द तुम्ही चार दिवसांत शिकाल. तेव्हा आपल्याला नुसती शिंक आणणारा जंतू त्या मुलाला आयसीयूत नेऊ शकतो. फुलदाणीतलं साचलेलं पाणी आणि कुंडीतली माती ही जंतू-बुरशीची घरंच. देवाचा फोटो ठेवा, हात जोडा, ताजं फूल तेवढं नको. गावाहून भेटायला आलेल्यांना खाली बाकावर भेटा, तेही सर्दी-खोकला असेल तर फोनवरच. केंद्रात कोणाला कांजिण्या निघाल्या आणि तुमचं मूल त्याच्या जवळ खेळलं असेल तर पुरळ येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. त्यावरचं औषध वेळेत दिलं तरच उपयोगी पडतं.

केमोनंतर दोन दिवस मुलाची उलटी, लघवी, डायपर हाताळताना हातमोजे घाला. औषधाचा अंश त्यातून बाहेर पडत असतो. ते कपडे वेगळे धुवा. आई गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं.

स्वयंपाकघर

चार पैसे वाचवायचे, मुलाला घरचं खायला घालायचं आणि जंतूंपासून वाचवायचं, हे तिन्ही इथेच जमतं किंवा बिघडतं. ज्या निवासात स्वतः रांधायची सोय आहे तिथे शेगडी आणि कुलपाचं कपाट यांवर खोलीचा नंबर असतो. मेसचीच सोय असेल तर मुलापुरता मऊ भात-वरण करायला परवानगी आहे का ते विचारा.

आई, बाबा आणि मूल अशा तिघांना आठवड्याला साधारण चार किलो कणीक, दोन किलो तांदूळ, एक-सव्वा किलो डाळी, पाऊण लिटर तेल, शिवाय पोहे-रवा एवढं पुरतं. शिधा केंद्रातून मिळत असेल तर गावाहून पोतं आणू नका, ठेवायला जागा नसते आणि उंदीर लागतात. तीन लिटरचा कुकर आणि झाकणाचे स्टीलचे डबे मात्र आणा, तिथे भांडी मिळत नसतील तर.

पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. काढायला लांब दांड्याचं ओगराळं. पेला बुडवला की उकळण्याची मेहनत वाया गेली, बोटं पाण्याला लागलीच. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी भांडी धुवायला.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवायचं. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची सवय इथे विसरायची, निदान मुलाच्या ताटात तरी. कच्ची कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर वरून पेरणं, ओल्या नारळाची चटणी, गाडीवरचा उसाचा रस, कापून ठेवलेलं कलिंगड, सगळं बंद. फळ जाड सालीचं: केळं, मोसंबी, संत्रं. तेही आधी धुवायचं, मग सोलायचं, कारण सालीवरची घाण सोलताना बोटांवर येते आणि बोटांवरून फोडीवर. द्राक्षं, स्ट्रॉबेरी नको. दही-ताकाचं डॉक्टरांना विचारा.

रक्ताच्या कॅन्सरच्या पहिल्या महिन्यात स्टेरॉइड चालू असतात, त्याची कल्पना कोणी आधी देत नाही. एरवी दोन घास खाणारं पोर रात्री दोनला उठून बसतं आणि ‘आई, वरणभात’ म्हणून रडतं. वीस मिनिटांनी पुन्हा. हट्ट नसतो तो, औषधाची भूक असते. रागावू नका, आणि मोठं पातेलं भरून करूनही ठेवू नका. मूठभर मूगडाळ-तांदूळ धुवून वाळवून, भाजून, भरडून डब्यात ठेवा. पाणी उकळलं की दहा मिनिटांत पेज तयार होते. याच काळात रक्तदाब आणि साखर वाढू शकते, म्हणून वेफर, फरसाण, लोणचं-पापड आणि बिस्किटांचे पुडे लांब ठेवा. शेजारच्या खोलीतली मावशी प्रेमाने पुडा देते, तिलाही हे सांगून ठेवा. रात्री स्वयंपाकघर बंद होत असेल तर केअरटेकरला आधीच सांगा. पहिल्या महिन्यातलं मूल म्हटलं की त्यांना कळतं.

ताप

दाराजवळ खिळ्याला एक पिशवी कायम अडकवलेली असावी. फाइल, मुलाचे दोन कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, पाचशे रुपये सुटे. थर्मामीटर डिजिटल. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून वर दिसला, किंवा ताप नसूनही हुडहुडी भरली, तर वेळ न बघता रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जायचं. सकाळची ओपीडी उघडण्याची वाट बघायची नाही. काउंट पडलेला असताना अँटिबायोटिकची पहिली सलाइन किती लवकर लागते यावर सगळं असतं.

डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका. ताप काही तास उतरतो, तुम्हाला हायसं वाटतं आणि जंतू आत काम करत राहतो. आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन तर अजिबात नाही, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो. पोचल्यावर पहिलं वाक्य असं म्हणा: ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप इतका.’ छातीत किंवा हातात लाइन, म्हणजे औषधाची नळी, बसवलेली असेल तर तेही.

खर्च, प्रवास आणि बाकीचं

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढायचं. मोबाइलवर काढाल तर सवलत मिळणार नाही. पहिल्यांदा येताना हा दाखला तुमच्याकडे नसतो, परतीच्या तिकिटापासून घ्या. एसटीच्या सवलतीसाठी आगारात विचारा.

बाबांना मुंबईत रोजंदारी मिळते का, असं बरेच जण विचारतात. मिळते, पण पहिला महिना नको. त्या दिवसांत रक्त आणणं, रिपोर्ट घेणं, औषधाच्या रांगा यांत एक माणूस पूर्ण अडकतो. शिवाय रक्तदाते लागतात.

आणि एक अवघड गोष्ट. सहा महिन्यांच्या मुक्कामात एखाद्या दिवशी शेजारची खोली रिकामी होते आणि मूल विचारतं, ‘सोनू कुठे गेला?’ ‘गावी गेला’ असं पटकन म्हणून मोकळं होऊ नका. मुलांना जिन्यातलं कुजबुजणं ऐकू येतं आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नाही. केंद्रातल्या समुपदेशकांना गाठा, वयाप्रमाणे काय आणि किती सांगायचं ते त्यांना माहीत असतं. दुसऱ्या मुलाचं औषध, दुसऱ्याचा काउंट यांच्याशी आपली तुलना करत बसू नका. नाव एकच असलं तरी आजाराचा गट वेगळा असतो.

मुक्काम संपवून गावी निघताना अनामत परत घ्या, पावती लागते. खोलीचं सामान मोजून द्या. चादर-कुकर पुढच्या कुटुंबाला देऊन जायची पद्धत आहे, पण मुलाचं थर्मामीटर जवळच ठेवा, गावीही तेच नियम चालू राहतात. पुढच्या तपासणीची तारीख फाइलवर असते. त्या एक-दोन रात्रींची जागा जुन्या खोलीत मिळेलच असं नाही, तेव्हा येण्याच्या आठ दिवस आधी समाजसेवकांना फोन करा आणि गावातल्या नाहीतर तालुक्याच्या डॉक्टरांना फाइलची झेरॉक्स देऊन ठेवा.